खोल पाण्यासाठीचं नवं मटेरियल आधी फोडून बघावं लागतं

धुळ्याचा एक मुलगा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मला विचारलंय: "सर, कार्बन फायबर पोलादापेक्षा मजबूत आणि कितीतरी हलकं. विमानं त्याची बनतात, रॉकेटची आवरणं त्याची बनतात. मग 'टायटन' पाणबुडीत ते वापरलं ही चूक कशी? पाच माणसं गेली हे वाईटच झालं, पण नवीन मटेरियलला हातच लावायचा नाही म्हटलं तर पुढे कसं जाणार? आम्ही प्रोजेक्टला कार्बन फायबरच्या नळीची छोटी पाणबुडी करून हतनूर धरणात सोडायचं म्हणतोय, तर आमचे गाइड नको म्हणतात."

प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. मी गेली सत्तावीस वर्षं जळगावच्या एमआयडीसीत फिलामेंट वाइंडिंगचं काम करतोय. आरओ प्लांटचे प्रेशर व्हेसल (दाबाचं पाणी धरणारी नळकांडी), आम्लाच्या टाक्या, अधूनमधून कार्बनचे रोलर. पाणबुडी मी बांधलेली नाही. पण रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, बुडवलेला धागा मॅन्ड्रेल नावाच्या फिरत्या साच्यावर गुंडाळायचा, भट्टीत पक्का करायचा, मग त्यावर दाब टाकून तो कुठे हार मानतो ते बघायचं, हे मी रोज करतो. टायटनचा सांगाडा मुळात याच कुळातला होता.

गाइड सरांबद्दल शेवटी बोलू. आधी टायटन, म्हणजे ओशनगेट कंपनीची, जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला जाताना पाण्याच्या दाबाने चिरडली गेलेली पाणबुडी. माझ्या मते नवं मटेरियल निवडलं ही मोठी चूक नव्हती. ते मटेरियल कसं मरतं हे कळायच्या आत त्यात माणसं बसवली, ही चूक होती.

पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाने वाढतो, हे तू शाळेत शिकलास. टायटॅनिकचे अवशेष सुमारे ३,८०० मीटरवर आहेत. तिथे दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ ३९० किलो भार येतो. आपल्याकडे कापूस क्विंटलवर मोजतात, तेव्हा असं समज की करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर चार क्विंटल कापूस रचलाय. आणि तो एकाच नखावर नाही, पूर्ण सांगाड्याच्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर, सगळीकडून, एकाच वेळी.

आता कार्बन फायबर मजबूत म्हणजे काय ते पाहू. त्याचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ओढलास तर पोलाद लाजेल इतका ताण घेतो. पण ओढलास तर. जुन्या लोकांनी मोटेचा नाडा पाहिलाय. बैलांनी ओढला की भरलेली मोट वर यायची. त्याच नाड्याने काही ढकलून दाखव म्हटलं तर तो वाकून गोळा होतो. तंतू हा नाडाच आहे. दाबाखाली त्याला ताठ कोण ठेवतं? भोवतीचं रेझिन. म्हणजे ओढताना सगळं काम तंतू करतो आणि दाबताना तंतूची अब्रू रेझिनच्या हातात असते. रेझिनमध्ये एखादी पोकळी असली, तंतू जरासा वळलेला असला, की तिथे तो आडवा मोडतो. मग शेजारच्याचा आधार जातो, मग त्याच्या शेजारच्याचा.

विमानाच्या आत हवेचा दाब असतो, तो कवचाला फुगवतो. रॉकेटच्या आवरणाचं तसंच, माझ्या आरओ व्हेसलचंही तसंच. तिथे तंतू ओढला जातो, म्हणजे आपल्या स्वभावाला धरून काम करतो. पाणबुडीत दाब बाहेरून. तेच मटेरियल, तोच धागा, पण काम उलटं.

हा फरक मला पुस्तकाने नाही, एका टाकीने शिकवला. जिल्ह्यातल्याच एका कारखान्याला आम्ही फायबरची उभी टाकी दिली होती. सात-आठ वर्षं भरून उभी, एक थेंब गळाला नाही. एका मे महिन्यात धुळीचं वादळ आलं म्हणून कुणीतरी वरच्या व्हेंटला पॉलिथिनची पिशवी करकचून बांधली आणि ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी खालून पंप लावून टाकी रिकामी करायला घेतली. हवा आत यायला वाट नाही. मला फोन आला तेव्हा टाकीची एक बाजू आत गेलेली, वरपासून खालपर्यंत उभी घडी पडलेली, घडीच्या काठावर धागे पांढरे होऊन बाहेर आलेले. आतून कित्येक टन पाण्याचं फुगवणं वर्षानुवर्षं झेललेली भिंत, बाहेरच्या हवेच्या जरा जास्तीच्या दाबाने पाच मिनिटांत बसली. पूर्ण एक वातावरणही नव्हतं ते. टायटनवर पावणेचारशेच्या वर होती.

तू म्हणशील, पण त्यांनी जाडी ठेवली होतीच की. होती. भिंत ५ इंचाची, म्हणजे १२७ मिलिमीटर. नळकांड्याचा आतला व्यास सुमारे १.४२ मीटर. साधं सूत्र लाव: दाब गुणिले सरासरी व्यास, भागिले दुप्पट जाडी. भिंतीत घेराच्या दिशेने दर चौरस सेंटीमीटरला २,४०० किलोच्या आसपास ताण येतो. काही धागे लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे घेरातल्या धाग्यांवर याहून जास्त. तरीही चांगल्या कार्बन-एपॉक्सीच्या (एपॉक्सी हे एक रेझिन) कूपनची, म्हणजे चाचणीच्या छोट्या पट्टीची, धाग्याच्या दिशेतली दाब सोसायची ताकद १०,००० किलोच्या पुढे मिळते. उलट माणसांना खोल समुद्रात नेण्यासाठीच्या आपल्या भारतीय 'मत्स्य ६०००' पाणबुडीचा टायटॅनियमचा गोल घे. व्यास २.१ मीटर, जाडी ८० मिलिमीटर, खोली ६,००० मीटर. तिथला ताण टायटॅनियमच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास जातो. म्हणजे नुसत्या कागदावर पाहिलं तर कार्बनचं नळकांडं टायटॅनियमपेक्षा ऐसपैस सुरक्षित दिसतं! इथेच हुशार माणसं फसतात. तुझा प्रश्नही याच कागदावरून आलाय.

कागदावरचा तो आकडा कूपनचा असतो. कूपन म्हणजे दोन-चार मिलिमीटर जाडीची, प्रयोगशाळेत जीव लावून केलेली पट्टी. ५ इंच जाड भिंत ही त्या पट्टीची मोठी बहीण नाही, ती वेगळीच वस्तू आहे. टायटॅनियमचं तसं नसतं. ओतीव, घडीव धातूच्या आतबाहेर गुण जवळपास सारखे, सगळ्या दिशांना सारखे. त्याला अल्ट्रासॉनिक लावलं की आतलं व्यंग दिसतं. आणि मर्यादा ओलांडली तरी तो आधी थोडा वाकतो, दबतो, काहीतरी सांगतो. कार्बनची जाड भिंत तुम्ही स्वतः, थरावर थर, तुमच्या शेडमध्ये, तुमच्या हवामानात जन्माला घालता. मटेरियल आणि वस्तू एकाच वेळी तयार होतात. त्यामुळे तुमच्या हातची प्रत्येक चूक मटेरियलचा गुणधर्म बनते.

हे जवळून दाखवतो. रावेर-यावलकडे केळीचा खांब आडवा कापलेला तू पाहिला असशील. आत एकात एक बसलेले सोपटांचे थर. उभा असतो तोवर घड पेलतो. कापलेला तुकडा दोन्ही हातांनी बाजूंनी दाब, थर एकमेकांवरून सरकतात, मध्ये फट पडते, बोट घातलं की सोपट सुटं होऊन येतं. वाइंडिंगची जाड भिंत आतून तशीच असते. सोपटं जोडणारं चिकट पाणी म्हणजे आमचं रेझिन.

मे महिन्यात जळगावला ४४-४५ अंश तापमान असतं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं रसायन, मिसळलेलं रेझिन डिसेंबरात निवांत चालतं, मे महिन्यात ते डोळ्यांदेखत मधासारखं होऊ लागतं. एका वर्षी मोठ्या ऑर्डरची घाई होती आणि दुपारच्या पाळीत आम्ही जाड भिंत एकाच दमात गुंडाळली. खालचे थर गरम होऊन जिलेटिनसारखे झाले, वरचा धागा ताणाने त्यांच्यावर बसला आणि खालच्याला ढकलत गेला. भट्टीतून नळी बाहेर आली तेव्हा वरून गुळगुळीत, चकचकीत. आडवी कापली तर भिंतीच्या मधोमध नदीच्या वाळूवर उमटतात तशा लाटा. प्रत्येक लाटेत धागा वाकडा. आणि लाटेच्या पोटाशी टाचणीच्या टोकाएवढ्या पोकळ्या, ओळीने. वरून ते कळण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याने टकटक करून आम्ही आवाज ऐकतो, भरीव जागी खणखणीत आणि सुटलेल्या थरावर बद्द. पण इतक्या खोलच्या लाटा नाण्यालाही सापडल्या नाहीत. ती सगळी नळी मी भंगारात काढली. ती आतल्या दाबाची होती, कदाचित वर्षं काढली असती. पण बाहेरच्या दाबासाठी ती असती तर?

टायटनचा दुसरा सांगाडा (पहिला तडा गेल्याने बाद झाला होता) एकेक इंचाच्या पाच थरांत बांधला होता. एक थर गुंडाळायचा, पक्का करायचा, मग त्यावर दुसरा. जाड भिंत एकदम पक्की करताना आत उष्णता कोंडते, म्हणून टप्प्यांत करणं चूक नाही, आम्हीही करतो. पण प्रत्येक टप्प्यावर सुरकुत्या आल्या आणि त्या घासून सपाट केल्या गेल्या. आमच्या धंद्यात घासणं म्हणजे काय ते समजून घे. सुरकुतीचा उंचवटा म्हणजे अखंड धागे. ग्राइंडर फिरवला की ते तुटतात. सपाट झालं, डोळ्याला छान दिसलं, पण तिथला घेर आता अखंड राहिला नाही, आणि वरच्या-खालच्या थरांना धरायला फक्त मधली चिकट फिल्म उरली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, २०२५ मध्ये जो अहवाल दिला, त्यात सांगाड्याच्या नमुन्यांत सुरकुत्या, सच्छिद्रता आणि पोकळ्या सापडल्याचं म्हटलंय. समुद्रतळावरून काढलेले तुकडे त्या थरांच्या सांध्यांवर एकमेकांपासून सुटलेले होते. मी ते फोटो पाहिले तेव्हा मला केळीचं सोपटच आठवलं. बराच वेळ दुसरं काम सुचलं नाही.

टोकांना टायटॅनियमचे अर्धगोल होते. ते टायटॅनियमच्या रिंगांना बोल्टने जोडले होते, आणि त्या रिंगा कार्बनच्या नळकांड्याला एपॉक्सी गोंदाने चिकटवल्या होत्या. दाबाखाली कार्बन वेगळ्या मापाने आकसतो, टायटॅनियम वेगळ्या. गरम-थंड होताना पुन्हा दोघांचं माप वेगळं. दोघांच्या भांडणात गोंदाची फिल्म दर बुडीला घासली जाते. यावर आणखी लिहिण्यासारखं खूप आहे, पण तुझ्या मूळ प्रश्नासाठी एवढं पुरे.

नळकांडंच का, गोल का नाही? गोलात तेवढ्याच दाबाला, तेवढ्याच व्यासाला आणि जाडीला ताण निम्मा येतो. १९६० मध्ये पिकार्ड आणि वॉल्श 'त्रिएस्त' नावाच्या खोल पाण्यातल्या यानातून सुमारे ११ किलोमीटर खाली गेले, तो पोलादी गोलच होता. त्याची जाडीही योगायोगाने ५ इंचच होती. पण गोलात दोन-तीन माणसं दाटीने बसतात. पाच जण बसवून तिकिटाचं गणित जमवायचं तर नळकांडं हवं, आणि तेवढं मोठं नळकांडं धातूचं केलं तर ते फार जड होतं, मोठं जहाज लागतं. कार्बनचा मोह तिथून आला. व्यवसायाची अडचण खरी होती, ती मी समजू शकतो.

आता आवाजाबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आवाज आहे.

कंपोझिटवर, म्हणजे धागा आणि रेझिन मिळून झालेल्या मटेरियलवर, पहिल्यांदा दाब टाकला की ते कुरकुरतं. दुबळे धागे तुटतात, बारीक भेगा पडतात. नव्या व्हेसलच्या पहिल्या हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, तो टिकटिक आवाज येणारच, त्याने घाबरायचं नसतं. दाब काढून पुन्हा टाकला तर मात्र आधीच्या दाबापर्यंत ते गप्प राहायला हवं. जर्मन संशोधक जोसेफ कायझरने १९५० मध्ये हे धातूंवर दाखवलं, म्हणून त्याला कायझर परिणाम म्हणतात. आणि आधीच्या दाबाच्या बरंच खाली असताना ते पुन्हा बोलू लागलं, तर समजायचं की आत काहीतरी वाढतंय.

आमच्याकडे एक प्रोटोटाइप होता. आदल्या दिवशी दर चौरस सेंटीमीटरला ४० किलो दाबापर्यंत नेलेला, पास केलेला, कागदावर सही माझी. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवायला पुन्हा दाब चढवत होतो. पंचवीसच्या आसपास आमचे वाइंडिंगवरचे जुने मिस्त्री, ज्यांनी इंजिनिअरिंगचं पुस्तक कधी उघडलं नाही, पंपाच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, आवाज ई ऱ्हायना." म्हणजे आवाज येतोय. मला काही ऐकू आलं नव्हतं. गेज बरोबर, गळती नाही, गिऱ्हाईक समोर उभं. त्यांनी मुठीवरचा हात काढला नाही. मी दाब उतरवला. कापून पाहिलं तर टोकाच्या घुमटाच्या (डोमच्या) खांद्याशी दोन थर हातभर लांबीत सुटले होते. सही चुकीची होती. काल जे पास झालं ते आज पास होण्याची हमी नव्हती, कारण कालच्या परीक्षेनेच त्याला जखम केली होती.

हे डोक्यात ठेवून टायटनचा इतिहास वाच. पहिल्या सांगाड्याला २०१९ मध्ये तडा गेला, तो बाद करावा लागला. दुसरा बांधला. त्यावर आवाज टिपणारे सेन्सर आणि ताण मोजणारे गेज लावले होते. कंपनीचा संस्थापक स्टॉकटन रश याची भिस्त या यंत्रणेवर होती, की सांगाडा बिघडायला लागला तर ती आधीच सांगेल. १५ जुलै २०२२ रोजी ८० व्या बुडीवरून वर येताना मोठा धडाम आवाज झाला. आतल्यांनी ऐकला, सेन्सरने टिपला. त्यानंतरच्या बुड्यांमध्ये ताणाच्या नोंदीही बदललेल्या दिसतात, म्हणजे भिंत आता पूर्वीसारखी वागत नव्हती. यंत्रणेने तिचं काम केलं होतं. पण आवाजाचा अर्थ सांगाडा आपल्या चौकटीत सरकल्याचा लावला गेला आणि बुड्या चालू राहिल्या. हिवाळ्यात ती पाणबुडी कॅनडातल्या सेंट जॉन्सला उघड्यावर, बर्फात ठेवली होती. सुटलेल्या थरांत पाणी शिरून गोठलं तर काय होतं, ते माठ फुटलेला पाहिलेल्या माणसालाही कळेल.

१८ जून २०२३ ला ८८ वी बुडी. खाली जाताना ३,३०० मीटरच्या आसपास सगळं संपलं. पाच जण होते. त्यांत पॉल-ऑन्री नार्जोले होते, ज्यांनी आयुष्यभर खोल समुद्रात काम केलं होतं, आणि १९ वर्षांचा सुलेमान दाऊद वडिलांसोबत होता. १९ वर्षं. तू त्याच्याहून फार तर एखाद-दोन वर्षांनी मोठा असशील.

इशारे कमी मिळाले नव्हते. कंपनीचेच सागरी कामकाजाचे संचालक डेव्हिड लॉक्रिज यांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगाड्याच्या तपासणीबद्दल लेखी हरकत घेतली, त्यांना कामावरून काढलं. त्याच वर्षी मार्चमध्ये या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी पत्र तयार केलं, की हा प्रायोगिक मार्ग मोठ्या अपघाताकडे नेईल, स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणित करून घ्या. कंपनीच्या उत्तराचा सूर असा, की नियम नव्या कल्पनांच्या आड येतात.

तुझ्या "मग प्रगती कशी होणार" या वाक्यात मला तोच सूर थोडासा ऐकू आला, म्हणून त्यावर थांबतो.

पाणबुडीची खिडकी कशाची असते? अॅक्रिलिकची. प्लास्टिकच की. ट्रक-रिक्षाच्या नावाच्या पाट्या ज्याच्या करतात त्याच जातीचं. एके काळी तेही प्रायोगिकच होतं, आणि ११ किलोमीटरवर जाताना त्रिएस्तच्या बाहेरच्या खिडकीला तडाही गेला होता. मग अॅक्रिलिक विश्वासाचं कसं झालं? अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत जेरी स्टॅखिव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खिडक्या फोडल्या. जाड, पातळ, शंकूच्या, सपाट. थंड पाण्यात, गरम पाण्यात. एकदा दाबून, हजारदा दाबून, दिवसेंदिवस दाबून ठेवून. रिकाम्या टाकीत, आत माणूस नसताना. त्यातून कोष्टकं झाली आणि १९७७ मध्ये माणसं बसणाऱ्या दाब-पात्रांसाठीचं पीव्हीएचओ-१ हे मानक आलं. त्यात खिडकीला मूळ आयुष्य १० वर्षं किंवा १०,००० वेळा दाब, एवढं ठरवलेलं आहे. खिडकी नव्यासारखी दिसली तरी मुदत संपली की बदलायची. प्लास्टिकला खोल समुद्रात नेण्याची प्रगती अशी झाली. कंटाळवाणी होती, पण झाली.

माझ्या धंद्याचंही सांगतो. आरओच्या पाण्याचं फायबरचं व्हेसल, ज्यात माणूस तर सोड, मासोळीही बसत नाही, ते एएसएमई या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या नियमावलीच्या दहाव्या विभागाखाली मंजूर करायचं तर प्रोटोटाइपवर शून्यापासून डिझाइन दाबापर्यंत १ लाख वेळा चढ-उतार करायचा. त्यानंतर तोच तुकडा डिझाइन दाबाच्या किमान सहापटीपर्यंत फुटता कामा नये. ३०० पीएसआयचं (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) व्हेसल असेल तर १,८०० पीएसआय. एवढं सगळं पिण्याच्या पाण्यासाठी. धातूला इतका मोठा गुणक लागत नाही, फायबरला लागतो, कारण फायबर पूर्वसूचना देईल याची खात्री नाही हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. टायटनच्या सांगाड्याच्या जातीसाठी, एवढ्या जाडीच्या, बाहेरून दाब घेणाऱ्या, माणसं बसलेल्या कार्बनच्या नळकांड्यासाठी, असं कोष्टक जगात कुठेच नव्हतं. ते तयार करायचं तर पूर्ण मापाचे कित्येक सांगाडे बांधून रिकामे फोडायला हवे होते. खर्च प्रचंड. पण दुसरा रस्ता नव्हता.

माणूस नसेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकन नौदलाने मानवरहित शोधयानात कार्बनचं नळकांडं सहा किलोमीटरपर्यंत वापरलं आहे. 'नेरियस' नावाचं संशोधनयान, ज्याच्या तरंगण्यासाठी सिरॅमिकचे पोकळ गोल होते, ते मे २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळच्या कर्माडेक गर्तेत ९,९०० मीटरवर नष्ट झालं. शास्त्रज्ञ हळहळले, वर्षांची मेहनत गेली. पण कुणाच्या घरी सुतक नव्हतं. प्रायोगिक मटेरियलची जागा ही.

आणि आपली मत्स्य. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये आधी पोलादी गोल, आत कुणी नसताना, बंगालच्या उपसागरात ६०० मीटरपर्यंत सोडून पाहिला. टायटॅनियमच्या गोलासाठी ८० मिलिमीटर जाडीचं इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग इस्रोने शेकडो चाचण्या करून बसवलं. लोक विचारतात इतका उशीर का. मला त्या उशिरात काळजी घेणारी माणसं दिसतात.

आता तुझं प्रोजेक्ट. हतनूरला तू ३० मीटरपर्यंतही जाणार नाहीस, आणि गेलास तरी दाब ३ किलोचा. आत कॅमेरा आणि बॅटरी. माणूस नाही. माझ्या मते करायला हरकत नाही, आणि गाइड सरांना मी स्वतः फोन करतो. फक्त एक नळी करू नकोस, सहा कर. एकाच दिवशी, एकाच रेझिनच्या मिश्रणाने. पहिली आडवी कापून पॉलिश करून भिंगाखाली बघ, पोकळ्या मोज. तीन नळ्या बंद करून बाहेरून दाब देऊन फोड आणि तिन्हींचे आकडे लिहून ठेव. तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब पडले, तर तुझी पद्धत अजून तुझ्या ताब्यात नाही, तिथेच थांब. जवळ आले तर पाचवी शंभर वेळा दाबून-सोडून मग फोड, आणि आधीच्यांपेक्षा किती लवकर गेली ते बघ. सहावी धरणात. टोकाच्या झाकणांना नुसता गोंद नको, ओ-रिंग (गळती अडवणारी रबराची कडी) बसव.

दाबाची टाकी तुमच्या कॉलेजात नसेल. आमच्याकडे आहे, लहान, पण तुझ्या नळीला पुरेल. येत्या शनिवारी सकाळी दहाला आम्ही एक जुनं व्हेसल फुटेपर्यंत नेणार आहोत. सकाळची एसटी धरून ये, मित्रांनाही आण. मिस्त्रींच्या शेजारी उभा राहा आणि पहिली टिकटिक ऐकू आली की गेजवरचा आकडा वहीत लिही. आणि जुनं जाड पाच रुपयांचं नाणं मिळालं तर खिशात टाकून ये. नवी पातळ नाणी नीट वाजत नाहीत.